गुरुवारचं पाणी आणि पंधरा दिवसांचं पीठ

'गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल.' महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचं हे वाक्य पाठ नसलेला माणूस पुण्यात शोधावा लागेल. बुधवारी रात्री घरोघरी पिंपं, बादल्या, कळश्या, वेळ पडली तर कुकरसुद्धा भरून ठेवला जातो. शुक्रवारी दुपारी नळाला धार आली की सगळं विसरलं जातं. पुणेकराला तयारी येते, पण ती एका दिवसाची. ही मुदत पाण्याच्या बाबतीत तीन दिवसांवर आणि शिध्याच्या बाबतीत पंधरा दिवसांवर नेणं हे ऐपत असलेल्या प्रत्येक घराचं काम आहे, आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही कामी येतं, असं या लेखाचं म्हणणं आहे.

हा विषय काढला की दोन उत्तरं हमखास येतात. एक, 'आता कशाला? दहा मिनिटांत दारात येतं.' दुसरं जरा सात्त्विक सुरात, 'म्हणजे साठेबाजीच की!' दुसऱ्याचा समाचार आधी घेऊ.

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून लागू झाली. मधल्या चार तासांत किराणा दुकानांसमोर जी झुंबड उडाली, ती बरीचशी गाडी, कार्ड आणि फ्रिज असलेल्यांची होती. रोज कमावून रोज खाणारा माणूस एका रात्रीत वीस किलो तांदूळ उचलू शकत नाही. त्याच वर्षी जुलैत पुण्यात पुन्हा कडक टाळेबंदी लागली, पहिले पाच दिवस दूध आणि औषधं एवढंच उघडं, आणि आदल्या दोन-तीन दिवसांत तीच गर्दी परत दिसली. मार्चच्या अनुभवानंतरही, हे विशेष.

बेगमी एप्रिल-मेमध्ये होते. तेव्हा नवा गहू मार्केट यार्डात आलेला असतो, माल भरपूर असतो, आणि आपण पोतं नेलं म्हणून व्यापाऱ्याचं काही अडत नाही, तो आणखी मागवतो. बातमी आल्यावर जे होतं ते वेगळं. तेव्हा फळीवर आहे तेवढाच माल असतो आणि आपण उचललेलं प्रत्येक पाकीट कोणाच्या तरी तोंडचं असतं. ज्याला साठवायला जागा आणि पैसा आहे, त्याने निवांत काळात साठवलं तर ऐन वेळी दुकानाचा कट्टा बाकीच्यांना मोकळा राहतो. एरवी बेगमी न करणारा मध्यमवर्गीयच ऐन वेळी साठेबाज होतो. हे बोचरं आहे, पण त्या रात्रीच्या रांगा आठवून पाहा.

आता पहिलं उत्तर, दहा मिनिटांचं. जुन्या वाड्यांत कोठीची खोली असे, आड असे, नानासाहेब पेशव्यांच्या काळापासून कात्रजचं पाणी ज्यांत येई असे हौद होते. फ्लॅट आले, कोठीच्या खोलीचा चौरस फुटाचा भाव परवडेना, आडांवर पार्किंग झालं. घराची कोठी आता कुठल्या तरी गल्लीतल्या कंपनीच्या गोदामात असते, एवढाच फरक. ते गोदाम आणि आपलं दार यांच्यामध्ये रस्ता, वीज, मोबाइलचं नेटवर्क आणि पाठीवर पिशवी घेतलेला एक मुलगा, एवढं सगळं शाबूत लागतं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजल्यांत शिरलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर भागात अनेक बळी घेतले. अशा दिवशी ऑर्डर घेणारं ॲप चालतं की नाही हा प्रश्नच गैरलागू. त्या मुलाने तरी का यावं?

पाण्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात आधी तेच संपतं आणि चुकाही सगळ्यात जास्त तिथेच होतात.

हिशेब सोपा आहे. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर, बाकी वापराला काटकसरीने दहा. चार माणसांच्या घराला तीन दिवसांचं पिण्या-रांधण्याचं साठ लिटर आणि वापराचं एकशे वीस. साठ लिटरसाठी वीस-वीस लिटरचे तीन झाकणाचे कॅन पुरतात. दोनशे लिटरचं एकच पिंप घेण्याचा मोह टाळावा. एक म्हणजे ते भरल्यावर दोनशे किलो होतं, आणि राहत्या खोलीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून आखलेला असतो. पिंपाचा तळ चौरस मीटरच्या एक तृतीयांशही नसतो. बाहेर काढलेल्या गॅलरीच्या टोकाला तर असं पिंप अजिबात नको, ठेवायचंच तर भिंतीलगत, कॉलमजवळ. दुसरं, एका पिंपात काही पडलं की सगळं पाणी गेलं. तीन कॅनपैकी एक बिघडला तर दोन राहतात.

कॅन खाण्याच्या वस्तूंसाठीच्या प्लॅस्टिकचे किंवा स्टीलचे घ्यावेत. भंगारवाल्याकडची निळी पिंपं स्वस्त मिळतात, पण ती बहुधा कारखान्यांतून रसायनं ओतून आलेली असतात. कितीही धुतलं तरी वास आत मुरलेला राहतो. फुलझाडांना चालतील.

साठवायचं पाणी नळाचं असावं, आरओचं नको. हे उलटं वाटतं. पण आरओतला कार्बन नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढून टाकतो, आणि क्लोरीन गेलेलं पाणी साठवलं की त्यात जंतू लवकर वाढतात. साठवा नळाचं, गाळा पितेवेळी. आणि वीज गेली की आरओ मुका होतो, तेव्हा उकळणं आहेच. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळण्याची गरज नाही. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यावं, चौपदरी फडक्यातून गाळावं, मग उकळावं किंवा क्लोरीनचे थेंब टाकावेत. थेंब किती ते बाटलीवर लिहिलेलं असतं, थांबायचं अर्धा तास. गाळ असताना औषध टाकलं तर ते गाळाशीच लढण्यात खर्ची पडतं.

मग डास. झाकण नसलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्यात तयार होतो. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, कारण त्याची अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून कॅन घासणीने आतून घासून धुवायचा. यासाठी वेगळं वेळापत्रक नको, महापालिकेने ते करूनच दिलं आहे. गुरुवारी पाणी बंद असो वा नसो, बुधवारी रात्री कॅनमधलं जुनं पाणी वापरात काढायचं, घासायचं, भरायचं. आठवड्यात साठा आपोआप ताजा.

जानेवारी २०२५ मध्ये नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा 'पाण्यात क्लोरीन आहे का' हा प्रश्न शहराने पहिल्यांदा मनापासून विचारला. तो सोसायटीच्या टाकीला नेहमीच विचारायचा असतो. ताज्या, चांगल्या प्रतीच्या ब्लीचिंग पावडरचं ढोबळ प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. दहा हजार लिटरच्या टाकीला पंचवीस ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत ओतायची. तासाभराने सगळ्यात लांबच्या नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी चाचणी, करायची. पिवळा रंग आला पाहिजे, लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी. हे सगळं बिघडतं कुठे? पावडरचं पोतं पंपरूममध्ये तोंड उघडं ठेवून वर्षभर पडलेलं असतं. दमट हवेने त्यातला क्लोरीन उडून जातो, मागे उरतो चुना, आणि कामगार इमानेइतबारे तो टाकीत टाकत राहतो.

शिध्याकडे येऊ. इथे आपल्याकडे शिकण्यासारखं घरातच इतकं आहे की इंटरनेटवरच्या परदेशी याद्या वाचून हसू येतं. डबाबंद सूप, बीन्स, हवाबंद पाकिटातला पास्ता! आपल्याकडे सातूचं पीठ आहे. गूळ आणि पाणी घातलं की जेवण झालं, चूल पेटवायला नको. मेतकूट आहे, भाजणी आहे, पोहे आहेत, राजगिऱ्याचे लाडू आहेत, उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया-पापड्या-सांडगे आहेत. वाळवण ही हौस नव्हती, पावसाळ्यात भाजी मिळणार नाही हे धरून केलेली तजवीज होती.

चार माणसांच्या पंधरा दिवसांना साधारण आठ किलो तांदूळ, बारा किलो कणीक किंवा भाकरीचं पीठ, डाळी आणि कडधान्यं मिळून पाच किलो, तेल दोन लिटर, गूळ-साखर दोन किलो, पोहे दोन, रवा एक, शेंगदाणे एक, मीठ एक किलो, दुधाची पावडर आणि चहा. नेहमी खातो तेच, नेहमीच्या ब्रँडचं. संकटात पोट नवे प्रयोग सहन करत नाही, आणि पोरं तर मुळीच नाही. एका दमात सगळं आणायचीही गरज नाही. दर महिन्याच्या किराण्यात दोन-तीन जिन्नस दुप्पट घ्यावेत, चार-पाच महिन्यांत साठा उभा राहतो.

यात एक खोच आहे. घरात पन्नास किलो गहू आहे म्हणून निर्धास्त असलेलं घर वीज गेल्यावर उपाशी राहू शकतं, कारण गिरणी विजेवर चालते. म्हणून पंधरा दिवसांचं पीठ पीठ म्हणूनच असावं आणि त्यापुढचा साठा गव्हाच्या रूपात. दळण संपत आल्यावर नव्हे, अर्ध्यावर आलं की टाकायचं. बाजरीचं पीठ मात्र या हिशेबात धरू नये. आठवड्यात कडवट होतं. दाण्याचं कूटही असंच खवट होतं, दाणे अख्खे ठेवावेत.

गव्हाला कीड का लागते? बहुतेक वेळा ओलाव्यामुळे. दाणा दाताखाली धरल्यावर 'कट्' वाजून तुटला पाहिजे. नुसता चेपला तर ऊन कमी पडलं. मेमध्ये दोन-तीन कडक उन्हं द्यावीत, पण तापलेला गहू लगेच कोठीत भरू नये. रात्रभर पसरून निवू द्यावा. गरम भरला की आत वाफ धरते, पत्र्याला आतून घाम येतो आणि जुलैत बुरशीचा वास सुटतो. कोठी जमिनीवर नको, दोन विटांवर फळी टाकून त्यावर, भिंतीपासून चार बोटं लांब. कडुलिंबाचा पाला घालायचा तो सावलीत पूर्ण वाळलेला. हिरवा पाला घालणं म्हणजे आपल्या हाताने ओलावा आत सोडणं. कोठी गळ्यापर्यंत भरलेली बरी, रिकाम्या जागेतली हवा किड्यांच्याच उपयोगाची.

तूरडाळ, मूग, चवळी यांना एरंडेल. किलोला चहाचा एक चमचा, परातीत हाताने चोळून प्रत्येक दाण्याला तेलाचा हात लागला पाहिजे. भुंगेरे दाण्यावर अंडी घालतात, तेलाच्या थराखाली ती गुदमरतात. शिजवण्याआधी गरम पाण्याने धुतलं की तेल निघून जातं. रव्याला जाळी धरते, त्यावर उपाय कोरडा भाजून ठेवणं किंवा पाकीट आठवडाभर फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर लगेच फोडायचं नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर दव धरतं.

तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती सोडावी. नीट धुतलं गेलं नाही तर ते पोटात जातं आणि लहान मुलांना त्याचा त्रास अधिक. धान्यात ठेवायच्या सेल्फॉससारख्या गोळ्या तर घराच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नयेत. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात. गोदामासाठीची वस्तू आहे ती.

इंधनाचं थोडक्यात. पाइपचा गॅस आलेल्या घरांनी एक इंडक्शन शेगडी ठेवावी, म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी स्वयंपाक होऊ शकतो. सिलिंडरवाल्यांनी दुसरी टाकी भरलेली असल्याची खात्री करावी. पहिली संपली त्याच दिवशी नंबर लावायचा, दुसरी अर्ध्यावर आल्यावर नाही. नारंगी रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची. तारीख नळीवरच छापलेली असते, पण शेगडीच्या मागे वाकून पाहतो कोण? आणि कोळशाची शेगडी किंवा जनरेटर बंद खोलीत, डक्टमध्ये, बंदिस्त पार्किंगमध्ये कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इन्व्हर्टरबद्दल गैरसमज फार. १५० एएचची (अँपिअर-अवरची) १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास, पण बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते आणि रूपांतरात घट होते, त्यामुळे हाती अकराशे-बाराशे येतात. दोन जुने पंखे, चार एलईडी दिवे आणि वायफायचा राउटर मिळून दोनशे वॉट, म्हणजे सहा तास. तेच पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, केले की भार शंभरावर येतो आणि वेळ अकरा तासांवर जातो. नवी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावेत. बॅटरी मरते ती बहुधा दोन कारणांनी. डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं पाणी घातलं जातं, किंवा महिनोन्‌महिने वीज न गेल्याने तिच्याकडे कोणी बघतच नाही आणि प्लेटा कोरड्या पडतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा खुणा पाहाव्यात.

औषधांचा पंधरा दिवसांचा साठा, मूळ चिठ्ठीची छायाप्रत, ओआरएसची दहा पाकिटं. उघडलेली इन्सुलिनची बाटली साधारण महिनाभर फ्रिजबाहेर टिकते, पण पंचवीस-तीस अंशांच्या आत. पुण्याच्या एप्रिलमध्ये वीज गेली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं मडकं ते काम करतं, बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आत ठेवायची. रोख पैसे शंभर-पन्नासच्या नोटांत. नेटवर्क गेलं की क्यूआर कोड हे भिंतीवरचं चित्र असतं.

इथवर एका घराचं झालं. पण फ्लॅटमधलं घर एकट्याने स्वावलंबी होऊ शकत नाही, हे मान्य केल्याशिवाय पुढचा विचार होत नाही. सहाव्या मजल्यावर कितीही गहू असला तरी पाणी तळघरातल्या टाकीत असतं आणि ते वर येतं मोटरवर.

चाळीस फ्लॅट, एकशे साठ माणसं. नेहमीच्या १३५ लिटरच्या हिशेबाने दिवसाला २१,६०० लिटर. म्हणजे तेवढ्या मापाची भरलेली टाकी एका दिवसाची. तेच माणशी पंधरा लिटरवर आणलं तर रोजचे २,४०० लिटर, आणि तीच टाकी नऊ दिवसांची होते. पाणी तेवढंच, फरक फक्त व्हॉल्व्हचा. ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं सोडायचं, मग बंद. यासाठी पैसा लागत नाही, ठराव लागतो, आणि तो टाकी रिकामी होण्याआधी व्हावा लागतो. दुपारपर्यंत कोणीतरी गाड्या धुतलेल्या असतात आणि संध्याकाळी टँकरवाल्याला फोन लागत नाही.

बहुतेक ठिकाणी जनरेटर असतो तो लिफ्टसाठी. त्याच्यावर पाण्याची मोटर जोडलेली आहे का, हे विचारून पाहावं. एक अश्वशक्तीची मोटर सुरू होताना चालू भाराच्या कित्येक पट करंट ओढते, त्यामुळे छोटा पोर्टेबल जनरेटर घेताना तीन केव्हीएच्या खाली जाऊ नये. नदीकाठच्या, ओढ्याकाठच्या सोसायट्यांत तर पंप आणि मीटररूम दोन्ही तळाशी असतात, पाणी शिरलं की दोन्ही एकदम जातात. पुराचं पाणी टाकीत गेलं असेल तर ती पूर्ण उपसून, घासून, क्लोरीनने धुऊनच भरायची. वर नवं पाणी सोडून 'पातळ' करण्याचा प्रकार म्हणजे मैलापाणी सगळ्या मजल्यांवर वाटणं.

महापालिका सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत अशा सोयींसाठी मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देते. त्याच यादीत पूररेषेच्या वर बसवलेला पंप आणि पाण्याच्या मोटरला जोडलेला पर्यायी वीजपुरवठा का नसावा? १२ जुलै १९६१ ला पानशेतपाठोपाठ खडकवासल्याचं धरण फुटलं, तेव्हा पूर ओसरल्यावर या शहरापुढे पिण्याच्या पाण्याचाच प्रश्न उभा राहिला होता. ज्या शहराची तहान अजूनही मुख्यतः त्याच साखळीवर भागते, त्याने बांधकाम परवानगीत कारंज्यापेक्षा याची अट जास्त गांभीर्याने घालायला हरकत नाही.

जनता वसाहतीतल्या किंवा ताडीवाला रस्त्यावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत यातलं फार थोडं बसतं, हे उघड आहे. तिथे दोन झाकणाचे कॅन, ओआरएस आणि सातूचा एक डबा, एवढं जमलं तरी खूप. म्हणूनच ज्यांच्या घरी माळा आहे, बाल्कनी आहे, दुसरं बाथरूम आहे, त्यांच्यावर आधी साठवण्याची जबाबदारी येते.

सोसायटीच्या पुढच्या सभेत कारंजं दुरुस्त करायचं की नाही यावर तासभर वाद होईलच. त्याआधी दहा मिनिटं काढून एक कागद लिफ्टशेजारी लावता येईल. कोणत्या घरात इन्सुलिन किंवा ऑक्सिजन मशीन आहे, त्या घराला विचारून. जनरेटरची किल्ली कोणाकडे. आणि सी विंगचा व्हॉल्व्ह कोणत्या झाकणाखाली आहे. हे शेवटचं सध्या फक्त वॉचमनला माहीत असतं, आणि तो गणपतीत गावी जातो.